काठी पुढं, माणूस मागं

औंढ्याला नागनाथाच्या देवळापुढून कुणी केदारच्या वाटेला लागलं की दोन गोष्टी ठरलेल्या असत. गुरव काठीला भस्माची पुरचुंडी बांधायचा, आणि सिद्धेश्वर गावचा उकंडराव कुठून तरी उगवून अभद्र बोलायचा. पुरचुंडी शुभ, उकंडराव अशुभ, पण टळत दोन्ही नसत.

बोळवणीचा घोळका जमलेला असायचा. कपाळं कुंकवानं माखलेली, बायांचे डोळे भरलेले, नारळ फुटत असलेले. तेवढ्यात हा उंच, वाळका माणूस कोपरानं गर्दी सारत पुढे यायचा. मळकं मुंडासं, दाढीचे खुंट, पायात वहाणा असल्या तर असल्या. यात्रेकरूच्या अगदी तोंडासमोर उभा राहून म्हणायचा, "वाटंत आजारी पडलात तर काठी पुढं धाडा आन् माणूस मागं ठिवा. ऐकून राहिले न्हवं?"

झालं. शुभ घडीला आजाराचं नाव निघालं. बाया कानांवर पदर ओढत, म्हाताऱ्या त्याच्या नावानं थुंकत, एखादा तापट गडी त्याला धरून ओट्याखाली ढकलून देई. उकंडराव धूळ झटकी आणि चार कोस चालत घरी जाई. पुढच्या बोळवणीला पुन्हा हजर. लोक मग निघायचा दिवस त्याच्यापासून लपवायला लागले. कुणी पहाटेच उरकून घेई. तरी त्याला वास लागायचाच.

त्याला वेडा म्हणावं तर तसंही नव्हतं. पूर्णेच्या काठी त्याचं थोडकं रान होतं आणि त्यातली नांगराची तासं सुतात धरल्यासारखी सरळ असायची. नवा गोऱ्हा शिकवायचा असला की गावचे लोक त्याच्याकडेच आणून बांधत. तेव्हा सिद्धेश्वरला धरण नव्हतं, उन्हाळ्यात पूर्णा गुडघाभर वाहायची, आणि त्या वाळूत उकंडराव गोऱ्ह्याच्या मानेवर आधी नुसतं जू ठेवून फिरवायचा, मग मागे हलकं लाकूड बांधायचा, आणि जनावर सरावलं की मगच नांगराला हात. अशा माणसाचं डोकं जाग्यावरच असतं. पण हा असं काहून वागतो, हे विचारायची तसदी कुणी घेतली नाही. लोकांना अभद्र तोंड दिसलं, त्यामागचं दुखणं दिसलं नाही.

त्याचं नावच मुळी भीतीतून पडलेलं. आधीची भावंडं जगेनात म्हणून आईनं ह्याला जन्मताच उकिरड्यावर ठेवला आणि तिथून उचलून घरात घेतला, म्हणजे सटवाईला वाटावं हा केरकचरा आहे, ह्याला काय न्यायचं. म्हणून उकंडा. तो जगला, मोठा झाला, चतुराबाईशी लग्न झालं, आणि आईच्या नशिबाचा फेरा सुनेच्या वाट्याला आला. चतुराबाईची तीन लेकरं एकामागून एक गेली. चौथी नर्मदा. तिला नवं अंगडं कुणी घातलं नाही, तिचं कौतुक कुणी मोठ्यानं केलं नाही, आणि तरी ती चालायला लागल्यावर तिला देवी निघाल्या.

पोर अंगभर फुटली होती. डोळे चिकटलेले, तोंडातून आवाज नाही. चतुराबाई पोरीला कडुलिंबाच्या पाल्यावर निजवून स्वतः उंबऱ्यावर बसून राहिली, आणि कुणाला न विचारता तिनं नवस बोलून टाकला. "नागनाथा, एवढी राहू दे. जोड्यानं तुझ्यापसून केदारापर्यंत चालता नवस करू."

पोर वाचली. तोंडावर वण राहिले, पण जीव राहिला.

आता चालता नवस म्हणजे साधी यात्रा नव्हे. साध्या यात्रेला माणूस वाटेल तिथं थांबतो, वाटेल तेवढा राहतो. चालत्या नवसाला देवळापुढे वेळूची काठी घ्यायची आणि केदाराचं दर्शन होईस्तोवर एका गावी दोन रात्री काढायच्या नाहीत. आगगाडीत गेलेली रात्र चालती धरत, धर्मशाळेतली एक रात्र चाले, दुसरी नाही. नवस थांबला तर ज्याच्यासाठी बोलला त्याच्यावर उलटतो, असं सगळे म्हणत. म्हणजे नर्मदेवर.

ही माहिती उकंडरावाला दिली ती किसनरावानं. किसनराव त्याचा चुलता, अख्ख्या भावकीत केदारला जाऊन आलेला तो एकटाच, आणि ते तो कुणाला विसरू देत नसे. छत्तीस सालच्या चैत्रात, हळदीनं माखलेली काठी पुतण्याच्या हातात देताना त्यानं आवाज घोगरा केला.

"उकंड्या, रोज नवं गाव. काठी हाती घेतली, आता थांबनं न्हाई. ध्यानात राहील?"

"राहील काका."

"दुसरं काही बोलत न्हाई मी. वाटं लावताना लई बोलू नये."

उकंडराव पाया पडला. चतुराबाईनं नर्मदेला सासूच्या कडेवर दिलं आणि मागे वळून पाहिलं नाही, कारण वळून पाहिलं असतं तर तिचा पाय निघाला नसता.

हिंगोलीहून गाडी, मग गाड्या बदलत हरिद्वार, आणि हृषीकेशपासून पायी. सोबतीला आखाडा बाळापूरचा पुनमचंद शेठ होता. कापडाचं दुकान, बोलायला गोड, अंगानं स्थूल. त्याला नवस नव्हता, पहाड बघायची हौस होती. पहिले काही दिवस चतुराबाई सगळ्यांच्या पुढे चालली. आयुष्यभर डोक्यावर घागरी वाहिलेली बाई ती, चढाची तिला काय मातब्बरी. गंगेच्या काठानं, मग मंदाकिनीच्या काठानं, रोज नवी चट्टी. चट्टी म्हणजे वाटेवरचं दुकान. त्याच्याकडून पीठ-डाळ घेतली की तो निजायला जागा देई. रोज संध्याकाळी चतुराबाई काठी उशाशी ठेवायची आणि म्हणायची, "आजचं गाव नवं. पोरगी माझी खुशाल हाये."

गुप्तकाशीच्या पुढे तिला खोकला लागला. थंडी बोचरी, अंगावर दोन लुगडी आणि एक घोंगडी. त्रियुगीनारायणाच्या चढावर ती पहिल्यांदा मागे पडली. गौरीकुंडाला पोचली तेव्हा तिचं डोकं दुखत होतं आणि समोर वाढलेला भात तिनं तसाच बाजूला सारला.

गौरीकुंड हे वरच्या चढाआधीचं शेवटचं गाव. दगडी घरं, लाकडी सज्जे, दुकानांची एक ओळ, आणि मधोमध वाफाळणारं गरम पाण्याचं कुंड. चट्टीवाला पिकल्या मिशांचा पहाडी होता. त्यानं चतुराबाईकडे एकदा पाहिलं आणि उकंडरावाला बाजूला घेतलं.

"माई को तीन-चार दिन यहीं रखो. ऊपर हवा में बिख है. साँस को आदत पड़ने दो, फिर चढ़ो."

बिख म्हणजे विष. पहाडी लोक म्हणत की वरच्या फुलांच्या वासानं हवा विषारी होते आणि मैदानातल्या माणसाला ती लागते. फुलांचं खरं-खोटं देव जाणे, पण उपाय त्यांना ठाऊक होता. समोरच गुजराती यात्रेकरूंचा एक जथा उतरला होता. ते दिवसा थोडं वर चढून जात, आणि सांज व्हायच्या आत खाली येऊन गौरीकुंडालाच निजत. असं ते तीन दिवस करत होते. उकंडराव कुंडाच्या काठावर बसून त्यांच्याकडे बघत राहिला. त्याला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. कोवळ्या मानेवर आधी नुसतं जू, मग हलकं लाकूड, मग नांगर. हे तर तो स्वतः करत होता. बैलासाठी जे आपण करतो ते बायकोसाठी करता येत नाही, हे त्याच्या मनात आलं आणि त्याला स्वतःची लाज वाटली.

संध्याकाळी त्यानं विषय काढला. "हितं दोन-चार दिस राहू म्हंतो."

चतुराबाई भिंतीला टेकून बसली होती. उठून ताठ झाली. "आन् पोरीचं काय?"

"देवाला दिसतंय की. तुला बरं न्हाई ते."

"देवाला तीन डाव दिसलं न्हाई," ती म्हणाली. "माह्या जिवाचं काय घेऊन बसले. मी दमले हाये, मरून न्हाई राहिले. उद्या निघायचं."

तिथं त्यानं पाय रोवायला हवा होता. नवरा म्हणून एरवी तो शंभर गोष्टींत पाय रोवायचा, मिठात-मिरचीत बोलायचा. पण त्यालाही नर्मदेचे चिकटलेले डोळे दिसत होते. तो गप्प बसला. भीती दोघांची सारखीच होती, तिनं ती बोलून दाखवली इतकंच.

पुनमचंद शेठनं हे ऐकलं होतं. त्याला नवसाची बारकाई माहीत नव्हती, पण माणूस कनवाळू. तो म्हणाला, "उकंडराव, असं करा. मी सकाळी वर निघतो. तुमचं गाठोडं आन् काठी माझ्याजवळ द्या, मी घेऊन जातो. मधल्या रामबाड्याला, न्हाई तर केदारला ठेवतो. बाईंना हितं आराम पडू द्या, मग हात हलवत या."

उकंडरावानं काठी छातीशी धरली. "शेठ, काठीला हात लावू नका."

"अहो, ओझं हलकं व्हावं म्हणून म्हंतो. तकलीफ होऊन राहिली त्यांना."

"ही काठी हातातून सुटायची न्हाई. पोरीचा जीव हाये तिच्यात."

शेठनं दोन्ही हात वर केले आणि तो आपल्या घोंगडीत शिरला. सकाळी तो एकटाच पुढे गेला. त्याला वर काही झालं नाही. बिख स्थूल-वाळकं बघून लागत नाही.

उकंडराव आणि चतुराबाई त्याच्यामागून निघाली. चट्टीवाला दारात उभा होता, त्यानं रामराम घेतला नाही, नुसती मान हलवली. रामबाड्याच्या अलीकडे चतुराबाईला उलटी झाली. दहा पावलं चालायची आणि दगडावर बसायची. रामबाड्याला रात्र कशीबशी काढली. सकाळी तिच्या ओठांवर जांभळी झाक होती आणि बोलताना वाक्य पुरं होत नव्हतं. तिथून खाली उतरावं तर रात्रीपर्यंत गौरीकुंडच गाठता आलं असतं, आणि तिथं एक रात्र झालेली. तिथंच राहावं तर दुसरी रात्र. उरलं वर. ज्या नियमानं तिला इथवर आणलं होतं त्यानं बाकीच्या सगळ्या वाटा बंद केल्या होत्या. उकंडरावानं तिचा हात खांद्यावर घेतला आणि बर्फाच्या कडेकडेनं तो तिला ओढत राहिला.

केदाराच्या देवळात ती पोचली. हे मात्र खरं. दर्शन झालं. दोघांच्या पदराला गाठ मारून गुरुजींनी आत सोडलं आणि चतुराबाईनं त्या ओबडधोबड शिळेला दोन्ही हातांनी मिठी मारली. तिला उठवताना उकंडरावाला तिच्या छातीतला आवाज ऐकू आला. चुलीवर आधण ठेवल्यासारखी आत खदखद चालली होती. ती हसली. "सुटली पोरगी," म्हणाली.

दुसऱ्या दिवशी उजाडताच त्यानं कंडी केली. कंडी म्हणजे पहाडी हमालाच्या पाठीवरची टोपली, तीत माणूस उलट्या तोंडानं बसतं. त्यामुळे उतरताना चतुराबाईचं तोंड देवळाकडे होतं आणि उकंडराव मागून चालत तिच्याकडे बघत होता. तिच्या ओठांच्या कोपऱ्यात गुलाबी फेस यायचा, तो उकंडराव पुसायचा. "खाली गेलीस की बरं वाटंल," तो सारखं म्हणत होता. तिनं एकदा विचारलं, "काठी कुठं?" त्यानं दाखवली. मग ती काही बोलली नाही. रामबाडा दिसायला लागला तेव्हा हमाल थांबला. "बाबूजी," तो पुढे बघतच म्हणाला, "माई का बोझ बदल गया." आयुष्यभर माणसं वाहिलेल्या त्या गड्याला पाठीवरच कळलं. तिच्या तोंडाकडे बघत चालणाऱ्या नवऱ्याला कळलं नव्हतं, कारण त्याला कळून घ्यायचं नव्हतं.

मंदाकिनीच्या काठी तिचं दहन झालं. लाकडं ओली होती.

तो गावी पोचला तेव्हा मृगाची पेरणी सुरू झाली होती. नर्मदा अंगणात मातीत खेळत होती, धडधाकट. तिनं बापाला ओळखलं नाही, दाढी बघून आजीमागे लपली. पोरीला जिवंत बघून त्याला आनंद झाला, आणि त्या आनंदाचा रागही आला. दोन्ही एकाच वेळी.

यात्रेहून आल्यावर मावंदं घालायचं असतं. गंगेची पूजा, गावजेवण. आणि ह्या मावंद्याला तर दुप्पट गर्दी, कारण चतुराबाई केदारच्या वाटेवर गेली होती. "केवढी पुण्याची बाई," लोक म्हणत होते. "शिवाच्या पायरीवर मरण आलं. सवाष्ण गेली. आपल्या कुणाचं असं नशीब?" उकंडराव पाटावर बसला होता आणि बायकोच्या जागी शेजारच्या पाटावर सुपारी मांडली होती. जोड्याची पूजा जोड्यानंच करावी लागते, जोडीदार नसेल तर सुपारी चालते. लोक येत, त्याच्या पाया पडत, सुपारीलाही हात जोडत.

जेवणं झाली. किसनराव पान लावत ओसरीवर ऐसपैस बसला. पोट भरलं होतं, ऐकायला माणसं होती, गडी रंगात आला.

"मी गेलो तवा गुप्तकाशीला मला हगवण लागली," तो सांगायला लागला. "अशी की उठवत न्हवतं. आठ दिस पडून होतो चट्टीत. चट्टीवाल्याची बायको पेज द्यायची."

उकंडरावानं मान वर केली. "आठ दिस? एका गावी?"

"तर काय."

"मंग नवस?"

"काठी धाडली की पुढं. वसमतचा एक जथा चालला व्हता, त्यायच्याजवळ देली. नवस काठीत असतो, उकंड्या. काठी रोज नव्या गावात निजली म्हंजे बास. माणूस आजारी पडला तर मागं राहतो, बरा झाला की गाठतो. बापजाद्यापसून तसंच हाये."

ओसरीवर बाकीचे पान चघळत होते. उकंडरावाला शेठचे वर केलेले दोन्ही हात दिसले. शेठ नेमकं हेच करायला निघाला होता, काहीही माहीत नसताना. आणि आपण काठी छातीशी धरली.

"काका," तो हळूच म्हणाला, "मंग मला काहून सांगितलं न्हाई?"

किसनराव खरंच बुचकळ्यात पडला. "आरं, वाटं लावताना आजाराचं नाव घेतेत व्हय? शुभाच्या टायमाला अभद्र बोलू नये. मला वाटलं तुला ठावं असंल. समद्यायला ठावं असतं."

समद्यायला ठावं नव्हतं. ज्यांना ठाऊक होतं ते म्हातारे मरून गेले होते, आणि जो उरला होता त्यानं शुभ-अशुभ सांभाळलं. किसनराव काही दुष्ट माणूस नव्हता. त्यानं चार माणसांसारखंच केलं. हेच उकंडरावाला सोसेना. कुणाचा गळा धरावा असा माणूसच त्याला सापडेना. तो पाटावरून उठला, शेजारच्या पाटावरची सुपारी त्यानं उचलली, मुठीत धरली आणि नदीकडे निघून गेला. लोक म्हणाले, दुःख आहे, चालायचंच.

त्या वर्षापासून तो बोळवणींना जायला लागला.

नर्मदा हे बघत मोठी झाली. बाप औंढ्याहून कधी फाटक्या सदऱ्यानं, कधी सुजलेल्या गालानं यायचा. ती हळद लावायची. विहिरीवर बाया तिला प्रेमानंच म्हणायच्या, "तुह्या जिवापायी तुही माय केदाराला गेली बघ." त्या प्रेमाचं तिला रोज ओझं व्हायचं. बापानं तिला एका शब्दानं कधी टोचलं नाही. उलट तोच तिला चोरून बघायचा, जणू माफी मागायची ती त्यानंच.

ती चौदा वर्षांची असताना वारंग्याकडच्या एका गावात तिचं लग्न झालं. घर खातंपितं. सासू रुख्मिणीबाई कडक, पण पोटात माया असलेली. आणि लग्नाला वर्ष व्हायच्या आत थोरल्या दिरानं आणि जाऊ आशाबाईनं चालता नवस काढला. आशाबाईला मूल झालं होतं, त्यासाठी बोललेलं फेडायचं होतं. रुख्मिणीबाईनं व्याह्याकडे मुद्दाम माणूस धाडला. बोळवणीला यायचं नाही. आलात तर तुमच्या पोरीचं आमच्याकडे बरं होणार नाही.

उकंडराव गेला, पण देवळाजवळ गेला नाही. लांब एका चिंचेखाली उभा राहिला. पोरीच्या संसारापुढे त्याचं तोंड बंद झालं होतं. गुरवानं पुरचुंडी बांधली. नारळ फुटला. दिरानं काठी उचलली. आशाबाई पहिल्यांदाच इतक्या लांब निघालेली, भेदरून सगळ्यांच्या गळ्यात पडत होती. नर्मदेच्या गळ्यात पडली तेव्हा नर्मदेनं तिला सोडलंच नाही. तसंच धरून, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "जाऊबाई, वाटंत आजारी पडलात तर काठी पुढं धाडा आन् तुमी मागं राहा. भाऊजी, तुमी बी ऐका. नवस काठीत असतो. माह्या मायला कुणी सांगितलं न्हाई."

देवळापुढच्या बायांनी कानांवर पदर ओढले. नव्या सुनेनं, डोक्यावरचा पदर न ढळू देता, भर शुभाच्या वेळी आजाराचं नाव घेतलं होतं. रुख्मिणीबाईनं तिच्या दंडाला धरून तिला बाजूला काढलं, ओढत चिंचेपर्यंत आणलं आणि उकंडरावापुढे उभं केलं.

"घ्या तुमची पोरगी. बापाचं तोंड घिऊन आली. माहे लेक-सून सुखरूप आले तर बघू. न्हाई आले तर हिनं आमच्या दारात पाय ठिवायचा न्हाई."

बाप-लेक चालत घरी आले. वाटेत उकंडराव एवढंच म्हणाला, "काहून बोललीस?" ती म्हणाली, "तुमाला बोलता आलं न्हाई म्हणून." पुढचे दोन महिने त्यानं देवाला कधी नव्हे ते इतकं विनवलं. पोरीचं आयुष्य आता दोन परक्या जिवांवर टांगलेलं होतं. त्यांच्यातलं एक जरी वाटेत पडलं असतं, तरी नर्मदेच्या कपाळी जन्माचा डाग होता. रस्त्यावर बैलगाडीचा आवाज झाला की तो हातातलं काम टाकून उभा राहायचा.

आषाढात गाडी आली. गाडीत आशाबाई होती, रोडावलेली, पण हसरी. तिनं खाली उतरून आधी नर्मदेला मिठी मारली आणि मग उकंडरावाचे पाय धरले.

"मामा, तुमच्या पोरीनं माहा जीव वाचवला," ती म्हणाली. "गौरीकुंडाला मला असा खोकला लागला, डोकं फुटून राहिलं व्हतं. अन्न दिसलं की मळमळ. ह्यायनला नर्मदेचं बोलनं आठवलं. आमी काठी एका जथ्यासंगं धाडून देली आन् तिथंच राहिलो. रोज जरासं वर जायचो आन् खाली येऊन निजायचो. मंग आपसूक बरं वाटलं. वर गेले तवा काहीच तरास झाला न्हाई. सासूबाईंनी सांगितलंय, नर्मदेला घिऊनच या."

उकंडराव ऐकत होता. बारा-तेरा वर्षं तो हे सांगत हिंडला होता, मार खाल्ला होता, पण आत कुठेतरी त्यानं एक आधार धरून ठेवला होता. कदाचित थांबूनही ती वाचली नसती. कदाचित तिचं तेवढंच होतं. त्या 'कदाचित'वर त्यानं रात्री काढल्या होत्या.

"किती दिस थांबला होता तिथं?" त्यानं विचारलं.

"चार दिस."

"चारच?"

"चारच, मामा."

तो उठून गोठ्यात गेला. नर्मदेनं त्याला आतून हुंदका देताना ऐकलं, आणि तिला कळेना. तिला वाटलं होतं, आज तरी बापाच्या मनावरचं ओझं उतरेल. आशाबाईनं तिला डोळ्यांनीच थांबवलं. गाडी जुंपेपर्यंत वाट पाहिली, नर्मदेनं दोनदा हाक मारली, पण तो बाहेर आला नाही. औंढ्याची एकही बोळवण न चुकवलेला उकंडराव पोटच्या पोरीला शिवेपर्यंत सोडायला गेला नाही. गाडी नदी ओलांडून वर चढली, तेव्हाही तो गोठ्यात गोऱ्ह्याच्या मानेवर कपाळ टेकून उभा होता.